मधुमेहात खनिजांच्या गोळ्या: कधी उपयोगी, कधी नुसता खर्च आणि कधी धोका?

ज्या घरात कोणाला मधुमेह आहे, त्या घरात औषधांचा एक डबा असतोच. सकाळची गोळी, रात्रीची गोळी, बीपीची, कोलेस्टेरॉलची, कोणाकडे फ्रिजमध्ये इन्सुलिन. गेल्या काही वर्षांत या डब्यात आणखी एक बाटली येऊन बसली आहे. ती डॉक्टरांनी लिहून दिलेली नसते. कधी मुलाने ऑनलाइन मागवलेली असते, कधी सोसायटीतल्या काकूंनी सुचवलेली, कधी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या व्हिडिओत पाहिलेली. बाटलीवर 'शुगर'साठी काहीतरी छान लिहिलेलं असतं आणि मागे बारीक अक्षरांत नावं असतात: क्रोमियम, मॅग्नेशियम, झिंक, सेलेनियम.

ही बाटली इतक्या घरांत पोचली याचं नवल वाटायला नको. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या अंदाजानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे तुम्ही पुण्यात असा, इंदूरला, बडोद्याला की बंगळुरूला, नात्यात कोणीतरी साखर तपासणारं असणारच. आणि रोज गोळी घेऊन कंटाळलेल्या माणसाला 'नैसर्गिक', 'साइड इफेक्ट नाही' असं काही दिसलं, की हात पुढे होतोच.

मग ही खनिजं घ्यायची की नाही? थोडक्यात उत्तर आधीच सांगते. शरीरात एखादं खनिज खरोखर कमी असेल, तर ती कमतरता भरून काढल्याने फायदा होतो. कमतरता नसेल, तर त्याच खनिजाची जास्तीची गोळी साखर खाली आणेल याचा भक्कम पुरावा नाही. काही खनिजं तर जास्त झाली की उलटाच परिणाम करतात. म्हणून 'साखरेला काय चांगलं?' हे विचारण्याआधी 'माझ्या शरीरात नेमकं काय कमी आहे?' हे विचारायला हवं. आता एकेक खनिज घेऊन पाहू.

खनिजांचा आणि साखरेचा संबंध खरा आहे का?

हो, संबंध खरा आहे. आपल्या स्वादुपिंडात इन्सुलिन तयार होतं, तेव्हा ते जस्ताच्या मदतीने साठवलं जातं. इन्सुलिनचे सहा रेणू जस्ताच्या कणांभोवती गोळा होऊन बसतात आणि गरज पडली की सुटे होऊन रक्तात येतात. पुढे हे इन्सुलिन पेशीपर्यंत पोचलं, की 'साखर आत घे' हा निरोप पेशीच्या आत पोचवायला मॅग्नेशियम लागतं. त्यामुळे बाटलीवर 'इन्सुलिनच्या कार्यासाठी आवश्यक' असं लिहिलेलं असतं, ते खोटं नसतं.

गडबड होते ती पुढच्या उडीत. एखादी गोष्ट आवश्यक आहे, म्हणून ती जास्त घेतली की जास्त फायदा होईल, असं आपण गृहीत धरतो. स्वयंपाकघरातलंच उदाहरण घ्या. आमटीत मीठ कमी पडलं असेल तर चिमूटभर घातल्यावर चव येते. पण मीठ बरोबर असताना आणखी एक चमचा घातला, तर आमटी दुप्पट चविष्ट होत नाही, खारट होते. खनिजांचंही तसंच आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मधुमेहामुळेसुद्धा खनिजं कमी होतात. रक्तातली साखर फार वाढली की ती लघवीवाटे बाहेर पडते आणि जाताना पाण्याबरोबर मॅग्नेशियम, जस्तही घेऊन जाते. म्हणजे खनिज कमी झालं म्हणून साखर वाढली, की साखर वाढली म्हणून खनिज कमी झालं, हे रिपोर्टवरून लगेच कळत नाही. बऱ्याचदा साखर ताब्यात आली की ही गळतीही कमी होते.

मॅग्नेशियम: कमी असेल तर उपयोगी

या सगळ्या खनिजांमध्ये मॅग्नेशियमची बाजू त्यातल्या त्यात भक्कम आहे. २००३ मध्ये मेक्सिकोतल्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. टाइप २ मधुमेह असलेल्या ६३ जणांपैकी काहींना १६ आठवडे मॅग्नेशियमचं द्रावण दिलं, काहींना नुसतं तसंच दिसणारं पाणी. मॅग्नेशियम घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी, दोन्ही सुधारली. हा अभ्यास जाहिरातींत नेहमी सांगितला जातो. पण त्यातली एक ओळ बहुतेक वेळा गाळली जाते. अभ्यासात घेतलेल्या सगळ्यांच्याच रक्तात मॅग्नेशियम आधीपासून कमी होतं, आणि त्यांची नेहमीची मधुमेहाची गोळीही चालूच होती.

म्हणूनच अमेरिकन डायबिटीज असोसिएशनसारख्या संस्था कमतरता नसताना सरसकट खनिजांच्या गोळ्या घ्यायला सांगत नाहीत.

मॅग्नेशियम कमी होण्याची शक्यता कोणाला जास्त? ज्यांची साखर बरीच वर्षं वाढलेली आहे. जे पित्तासाठी पँटोप्राझोल, ओमेप्राझोल अशा गोळ्या महिनोन्‌महिने घेतात. ज्यांना बीपीसाठी किंवा सुजेसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आहेत. ज्यांना सारखे जुलाब होतात, जे नियमित दारू घेतात, आणि ज्यांचं वयामुळे जेवणच कमी झालं आहे. पित्ताची गोळी आपल्याकडे किती सहज घेतली जाते, हे तुम्हालाही माहीत आहे. सकाळी चहाआधी एक गोळी, वर्षानुवर्षं, कोणाला न विचारता. डॉक्टरांना ही गोळी आवर्जून सांगा.

पायात गोळे येतात, मुंग्या येतात म्हणून अनेक जण स्वतःच मॅग्नेशियम सुरू करतात. पण मुंग्या मधुमेहाने नसांना झालेल्या इजेमुळेही येतात आणि बी-१२ कमी असल्यामुळेही. बी-१२ हे खनिज नाही, जीवनसत्त्व आहे, तरी इथे सांगायलाच हवं. मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी होऊ शकतं, शाकाहारी लोकांमध्ये तर अधिकच. त्यामुळे मुंग्यांवर मॅग्नेशियम घेत बसलात, तर खरं कारण मागे राहून जाईल.

मॅग्नेशियम घेण्याआधी किडनीचा रिपोर्ट बघायला हवा. निरोगी किडनी जास्तीचं मॅग्नेशियम लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी थकलेली असेल तर ते रक्तात साठतं, बीपी उतरतं, ग्लानी येते, हृदयाचे ठोके मंदावू शकतात. मधुमेहात किडनीवर परिणाम होणं सर्रास दिसतं आणि सुरुवातीला त्याचा काही त्रास जाणवत नाही. किडनी ठीक असली तरी जास्त मात्रेने जुलाब होतात हे वेगळंच.

क्रोमियम: नाव मोठं, पुरावा कमकुवत

'शुगर'च्या बाटल्यांवर सर्वांत मोठ्या अक्षरांत दिसतं ते क्रोमियम. त्याची कहाणी मजेशीर आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत उंदरांवर प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञांना यीस्टमध्ये असा एक घटक सापडला, ज्याने उंदरांची साखर पचवण्याची क्षमता सुधारत होती. १९५९ मध्ये त्यांनी सांगितलं की तो घटक म्हणजे क्रोमियम. मग १९७७ मध्ये कॅनडातल्या टोरांटोच्या डॉक्टरांनी एका महिला रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. तिला काही वर्षं तोंडाने अन्न जात नव्हतं, सगळं पोषण शिरेतून दिलं जात होतं. तिची साखर बिघडली. त्या द्रावणात क्रोमियम घातल्यावर ती सुधारली.

इथवर सगळं आशादायक होतं. पण शिरेतून पोषण घेणारी व्यक्ती आणि रोज पोळी-भाजी खाणारे तुम्ही-आम्ही यांत फार फरक आहे. आपल्याला लागतं तेवढं थोडंसं क्रोमियम धान्य, डाळी, भाज्या यांतून मिळून जातं.

१९९७ मध्ये चीनमधल्या १८० रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात क्रोमियम पिकोलिनेट घेणाऱ्यांची साखर बरीच कमी झालेली दिसली आणि गोळ्यांचा धंदा जोरात सुरू झाला. नंतर नेदरलँड्समध्ये इन्सुलिन घेणाऱ्या स्थूल रुग्णांवर तसाच प्रयोग झाला, तेव्हा काहीच फरक दिसला नाही. २००५ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने क्रोमियम पिकोलिनेटबद्दलचा दावा तपासला आणि हा संबंध अत्यंत अनिश्चित असल्याचं सांगितलं. २०१४ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तर क्रोमियम शरीराला अत्यावश्यक आहे, याचाच खात्रीलायक पुरावा नसल्याचं मत दिलं.

माझ्या बडोद्याच्या मावशीने मध्यंतरी मला अशाच एका बाटलीचा फोटो पाठवला होता. खाली प्रश्न होता, "ही सुरू केली तर रात्रीची गोळी बंद करता येईल का गं?" बाटलीत क्रोमियम किती आहे, यापेक्षा मला त्या प्रश्नाची जास्त काळजी वाटली. मी तिला फोन करून म्हटलं, "मावशी, बाटली घ्यायची की नाही हे नंतर बघू, पण रात्रीची गोळी आज रात्रीही घ्यायची."

तुमच्या घरीही हा प्रश्न कोणाच्या तरी मनात असेल. बाटलीने पैशांचं नुकसान होतं, ते भरून निघतं. पण तिच्या भरवशावर खरं औषध सुटलं, तर साखर महिनोन्‌महिने वाढलेली राहते आणि डोळ्यांचं, किडनीचं, पायाच्या नसांचं नुकसान होत राहतं. ते दुखत नाही, म्हणून कळत नाही. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाचं किंवा मोठ्या माणसाचं इन्सुलिन बंद करणं तर थेट जिवावर बेतू शकतं, तेही काही दिवसांत.

उलट बाजूही आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना साखर कमी करण्याचा दावा करणारं आणखी काही सुरू केलं, तर साखर अचानक खूप उतरण्याची भीती असते. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. शिवाय क्रोमियमच्या जास्त मात्रेने किडनीला आणि यकृताला इजा झाल्याच्या थोड्याफार नोंदीही आहेत.

जस्त: जखमेवरचा रामबाण नव्हे

जस्त, म्हणजे आपण ज्याला झिंक म्हणतो, ते कमी झालं तर जखमा लवकर भरत नाहीत, तोंडाची चव जाते, सारखे सर्दी-खोकले होतात. आपल्या धान्या-डाळींत जस्त असतं, पण त्यांतल्या फायटेट नावाच्या घटकामुळे ते शरीरात पूर्ण शोषलं जात नाही. आजीच्या स्वयंपाकघरात यावर उपाय होताच. कडधान्यं भिजवणं, मोड आणणं, पीठ आंबवणं यांनी फायटेट कमी होतं. म्हणून मोडाची मटकी, आंबवलेला ढोकळा, इडली, डोसा हे जस्ताच्या दृष्टीने चांगलेच.

करोनाच्या काळात जस्ताच्या गोळ्या घराघरांत आल्या आणि काही घरांत त्या अजून चालूच आहेत. बाजारात ५० मिलीग्रॅमच्या गोळ्याही मिळतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी मोठ्या माणसांसाठी रोजची वरची मर्यादा ४० मिलीग्रॅम ठेवली आहे, तीही जेवणातलं जस्त धरून. दीर्घकाळ जास्त जस्त घेतलं की शरीरातलं तांबं कमी होतं. त्याने रक्त कमी होतं आणि पायांत बधिरपणा येऊ शकतो. मधुमेह असलेल्या माणसाला वाटतं, हे साखरेमुळेच होतंय. मग खरं कारण शोधायला वेळ लागतो.

एक विनंती. मधुमेह असलेल्या कोणाच्या पायाला जखम झाली, ती आठवड्यात भरत नसेल, काळी पडत असेल किंवा तिला वास येत असेल, तर जस्ताची गोळी देऊन वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

सेलेनियम: इथे जास्त म्हणजे धोका

सेलेनियमची गोष्ट वाचून मी स्वतः चकित झाले. अमेरिकेत सेलेनियमने कर्करोग टळतो का, हे पाहण्यासाठी एक मोठा अभ्यास झाला होता. त्यात सुरुवातीला मधुमेह नसलेल्या १,२०२ लोकांची माहिती पुढे वेगळी तपासली गेली. निम्म्यांना रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम, निम्म्यांना रिकामी गोळी. सरासरी साडेसात वर्षांहून अधिक काळ त्यांच्याकडे लक्ष ठेवलं गेलं. २००७ मध्ये निष्कर्ष आले: रिकामी गोळी घेणाऱ्यांपैकी ३९ जणांना टाइप २ मधुमेह झाला, तर सेलेनियम घेणाऱ्यांपैकी ५८ जणांना. ज्यांच्या रक्तात सेलेनियम आधीच जास्त होतं, त्यांच्यात धोका अधिक दिसला.

भारतात मोठ्या माणसाची सेलेनियमची रोजची गरज सुमारे ४० मायक्रोग्रॅम मानली जाते. पंजाबमध्ये नवांशहर आणि होशियारपूर भागांत काही ठिकाणी जमिनीतच सेलेनियम इतकं जास्त आहे की तिथे पिकलेल्या गव्हातही ते मोठ्या प्रमाणात उतरतं. म्हणजे तुमच्या पोळीतून किती सेलेनियम मिळतं, हे गहू कुठून आला यावर ठरतं. अशा वेळी मधुमेहासाठी म्हणून वरून सेलेनियम घेण्यात काहीच अर्थ नाही. केस गळणं, नखं ठिसूळ होणं, श्वासाला लसणासारखा वास येणं ही सेलेनियम जास्त झाल्याची लक्षणं आहेत.

लोह: रिपोर्टला फसवणारं खनिज

हा भाग मैत्रिणींनी नीट वाचावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांमध्ये रक्त कमी असल्याचं आढळलं. त्यामुळे आपल्याकडे मधुमेह आणि रक्तक्षय दोन्ही असलेल्या बायका भरपूर आहेत.

एचबीए१सी ही तपासणी तांबड्या पेशींना किती साखर चिकटली आहे ते मोजते. या पेशी साधारण १२० दिवस जगतात. लोह कमी असेल तर नव्या पेशी कमी तयार होतात, जुन्या पेशी रक्तात जास्त असतात आणि त्यांना साखर चिकटायला अधिक वेळ मिळालेला असतो. त्यामुळे एचबीए१सी खऱ्यापेक्षा थोडं जास्त दिसू शकतं. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की नव्या पेशी येतात आणि आकडा खाली येतो. साखर मात्र कदाचित होती तेवढीच असते!

आता विचार करा, त्याच तीन महिन्यांत कोणी लोह असलेली एखादी 'शुगरची' कॅप्सूलही घेत असेल, तर श्रेय कोणाला जाईल? कॅप्सूललाच. म्हणून रक्त कमी असेल तर ते डॉक्टरांना सांगा आणि एचबीए१सीबरोबर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही बघा. घरी ग्लुकोमीटर असेल तर त्याचे आकडे वहीत लिहून ठेवा.

रक्तक्षय असेल तर लोहाच्या गोळ्या घ्यायलाच हव्यात, त्यात कुचराई नको. फक्त चहा-कॉफीबरोबर घेऊ नका. लिंबूपाण्याबरोबर, अर्थात साखरेशिवाय, चालेल. पण रक्त चांगलं असताना, विशेषतः पुरुषांनी, 'ताकदीसाठी' लोह घेऊ नये. शरीरात लोह फार साठलं तर ते स्वादुपिंडालाच इजा करतं. हिमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजारात लोह साठून त्वचा काळसर होते आणि मधुमेह होतो, म्हणून डॉक्टर त्याला पूर्वी 'ब्राँझ डायबिटीज' म्हणत.

न विकत घेतलेलं पूरक: 'लो सोडियम' मीठ

बीपी आहे म्हणून अनेक घरांत 'लो सोडियम' मीठ आणलं जातं. त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियमचा असतो. निरोगी माणसाला ते चालतं. पण मधुमेहाने किडनी कमजोर झाली असेल, किंवा बीपीसाठी टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल अशा गोळ्या चालू असतील, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा व्यक्तीसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ वापरू नका. साधंच मीठ हात आखडून घालणं जास्त सुरक्षित.

बाटलीवरची बारीक अक्षरं कशी वाचायची?

* पुढची बाजू जाहिरात असते, मागची बाजू माहिती. आधी मागची वाचा.

* भारतात अशी उत्पादनं एफएसएसएआयच्या २०१६च्या नियमांखाली येतात. त्यांच्यावर 'औषधी उपयोगासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापावी लागते. म्हणजे ती अन्नपूरक आहेत, मधुमेहाचं औषध नाहीत.

* 'मधुमेह मुळापासून बरा' अशी जाहिरात दिसली तर तिथेच थांबा. १९५४च्या औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या जाहिरातींसंबंधीच्या कायद्यात ज्या आजारांवर इलाजाचे दावे करायला बंदी आहे, त्या यादीत मधुमेह आहे.

* एकाच माणसाच्या डब्यात मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियमची गोळी, केसांची गोळी आणि 'शुगर'ची कॅप्सूल असेल, तर जस्त चारही ठिकाणी असू शकतं. कागदावर बेरीज करा.

* थायरॉइडची गोळी चालू असेल तर कॅल्शियम किंवा लोहाची गोळी आणि ती यांत चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर थायरॉइडचं औषध नीट शोषलं जात नाही.

ताटातून काय मिळतं?

बहुतेकांसाठी खनिजांचा चांगला मार्ग ताटातूनच जातो. १०० ग्रॅम ज्वारी किंवा बाजरीत सुमारे १२५ ते १३० मिलीग्रॅम मॅग्नेशियम असतं. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात जेमतेम २०. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३६० मिलीग्रॅम कॅल्शियम. तीळ, भोपळ्याच्या बिया, बदाम, शेंगदाणे, हरभरे, राजगिरा, पालेभाज्या यांत मॅग्नेशियम आणि जस्त दोन्ही मिळतात. मांसाहारी असाल तर मासे, अंडी, चिकन यांतलं जस्त सहज शोषलं जातं.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनाही हे अवघड नाही. गुजरातेत बाजरीचा रोटला आहे, कर्नाटकात रागी मुद्दे आणि जोळद रोट्टी, तेलंगणात ज्वारीची जोन्न रोट्टे. भाकरी थापता येत नाही म्हणून अडून राहू नका, शेजारणीकडून तिथली पद्धत शिका.

मात्र एक जपायचं. नाचणी-ज्वारीतही पिष्टमय पदार्थ असतातच. 'पौष्टिक आहे' म्हणून दोनच्या चार भाकऱ्या झाल्या तर साखर वाढणारच. नाचणीची पातळ खीर किंवा लापशी भाकरीपेक्षा लवकर साखर वाढवते. भाकरीबरोबर वाटीभर उसळ आणि भाजी घ्या, मूठभर दाणे ही मूठभरच ठेवा. किडनीचा त्रास असेल तर काय खायचं हे आहारतज्ज्ञांना विचारून ठरवा, कारण तिथे पथ्य वेगळं असतं.

डॉक्टरांना काय विचाराल?

पुढच्या वेळी तपासणीला जाल तेव्हा हे प्रश्न लिहून न्या:

१. माझी किडनी कशी आहे? क्रिएटिनीन आणि लघवीतलं अल्ब्युमिन शेवटचं कधी तपासलं?

२. माझ्या औषधांमुळे मॅग्नेशियम किंवा बी-१२ कमी होण्याची शक्यता आहे का? तपासायची गरज आहे का?

३. माझं हिमोग्लोबिन किती आहे? त्यामुळे एचबीए१सी चुकीचं दिसत असेल का?

४. मी ही अमुक गोळी घेते किंवा घेतो. ती चालू ठेवू का? ठेवली तर किती दिवस आणि फायदा झाला हे कशावरून ठरवायचं?

चौथा प्रश्न विचारायला बरेच जण लाजतात, डॉक्टर रागावतील अशी भीती वाटते. पण त्यांना माहीतच नसेल, तर साखर का उतरली किंवा रिपोर्ट का बिघडला हे त्यांनाही कळणार नाही. डॉक्टरांनी एखादं खनिज सुचवलंच, तर ठरलेल्या मुदतीनंतर तपासणी करून बघा. फरक पडला नसेल तर बंद करा. आणि त्या काळात नेहमीच्या औषधाचा डोस स्वतःहून कमी करू नका, रिपोर्ट कितीही चांगला आला तरी. कमी करायचा असेल तर तो डॉक्टरच करतील.

या रविवारी एक काम करा. आई-बाबांचा, सासू-सासऱ्यांचा किंवा स्वतःचाच औषधांचा डबा टेबलावर रिकामा करा. प्रत्येक गोळी, पूड, कॅप्सूल कोणी सांगितली आणि कधीपासून चालू आहे, ते एका कागदावर लिहा. ज्यांच्यापुढे कोणाचंच नाव लिहिता आलं नाही, त्यांवर खूण करा. मग त्या सगळ्या बाटल्या एका पिशवीत घाला आणि पुढच्या भेटीला ती पिशवी सोबत घेऊन जा.